खापर कोणाच्या डोक्यावर? जिंगदेझेनची माती आणि आजचे चिनी कलाकार

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी दोन वर्षं पॉटरी शिकतोय. चिनी कलाकार आय वेईवेईचे हान काळातला कलश हातातून सोडून देतानाचे फोटो आम्हाला क्लासमध्ये दाखवले. याला परंपरेचा नवा अर्थ लावणं म्हणतात, ते मला पटत नाही. शिवाय यातले बरेच चिनी कलाकार स्वतः चाकावर बसतही नाहीत, कारागिरांकडून करून घेतात. मग ते सिरॅमिक कलाकार कसे? आणि आपण त्यांच्याकडून नेमकं घ्यायचं काय?"

तुमचा वैताग माझ्या ओळखीचा आहे. मी सव्वीस वर्षं माती मळतेय. ते तीन फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्याही तोंडून शिवीच गेली होती. ज्याने आयुष्यात एकदा तरी भट्टी उघडून आतला चुरा पाहिलाय, त्याला दुसऱ्याचं भांडं मुद्दाम फोडलेलं बघवत नाही. नंतर मत बदललं, पण पूर्ण नाही. कुठे बदललं आणि कुठे नाही, ते सांगते.

आधी तो कलश. फोटो १९९५ चे, कृष्णधवल. पहिल्यात कलश हातात, दुसऱ्यात हवेत, तिसऱ्यात पायाशी खापऱ्या. माणसाच्या चेहऱ्यावर तिन्ही वेळा तोच भाव, म्हणजे काहीच नाही. क्षण कॅमेऱ्यात नीट सापडेना म्हणून दोन कलश फोडावे लागले, असं सांगतात. आता कुंभाराच्या नजरेने बघा. हे पोर्सलिन, म्हणजे उंच तापमानाला भाजलेली पांढरी, काचेसारखी घट्ट चिनी माती, नव्हे. हान काळातलं, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं, कमी तापमानाला भाजलेलं मातीचं भांडं आहे. असली भांडी मोठ्या संख्येने थडग्यांत मृतांसोबत ठेवली जायची. नव्वदच्या दशकात चीनमध्ये रस्ते आणि इमारतींसाठी जिकडेतिकडे खोदकाम चालू होतं, त्यातून अशा वस्तू निघत आणि जुन्या बाजारात विकायला येत. १९९३ मध्ये अमेरिकेतून बीजिंगला परतलेला आय वेईवेई या बाजारांत रोज फिरणारा गिऱ्हाईक होता. फोडायच्या आदल्या वर्षी त्याने असल्याच एका कलशावर कोका-कोलाचं नाव रंगवलं होतं.

आणि हा माणूस कुठून आला तेही बघा. त्याचे वडील आय चिंग मोठे कवी, राजकीय शिक्षा म्हणून शिनजियांगला पाठवलेले. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत 'चार जुन्या गोष्टी' मोडून काढायची मोहीम १९६६ पासून चालली, तेव्हा देशभर मूर्ती, पुस्तकं, भांडी फुटत होती आणि फोडणाऱ्यांची पाठ थोपटली जात होती. हा मुलगा त्या काळात वाढला. म्हणून तो निर्विकार चेहरा मला आता वेगळा दिसतो. सरकारने हजारो फोडले तेव्हा आवाज नाही, आणि एकाने एक फोडला की जग हळहळतं, ही टोचणी त्यात आहे. खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं, असं तो खरोखरीच्या खापऱ्या पायाशी घेऊन विचारतोय.

तरी माझी एक तक्रार राहतेच. त्या कलशाला कोणीतरी बोटांनी आकार दिला होता, आणि त्या माणसाबद्दल या कामात काहीच नाही. तो कलश इथे 'जुनं' या शब्दाचा प्रतिनिधी म्हणून आलाय, भांडं म्हणून नाही. म्हणून हे काम मी राजकीय कला मानते, चांगली मानते, पण सिरॅमिक परंपरेचा नवा अर्थ म्हणून दाखवायला पहिलं उदाहरण हे घेणार नाही. तुमच्या शिक्षकांनी सोपं उदाहरण निवडलं, इतकंच.

पण फोडणं हे परंपरेच्या बाहेरचं आहे असं समजत असाल, तर एक गोष्ट ऐका. जिआंग्शी प्रांतात जिंगदेझेन नावाचं शहर आहे. सोंग सम्राटाने १००४ मध्ये सुरू झालेल्या आपल्या 'जिंगदे' या राजवर्षाचं नाव त्याला दिलं. जवळच्या गाओलिंग गावावरून 'केओलिन' (पोर्सलिनची पांढरी माती) हा शब्द आला, जो तुमच्या ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या, डब्यावरही लिहिलेला असेल. तिथे झूशान टेकडीपाशी मिंग सम्राटांच्या भट्ट्या होत्या. दरबारात जायच्या भांड्याला जरासा डाग, जरासा बाक, किंवा निळा रंग थोडा पसरला, की ते विकायचं नाही, वाटायचं नाही, वापरायचंही नाही. फोडायचं आणि तिथेच पुरायचं. सम्राटाचं भांडं सामान्य माणसाच्या हातात पडता कामा नये. १९८० च्या दशकात शहरात बांधकामं निघाली तेव्हा या खापऱ्यांचे थर सापडले, आणि पुरातत्त्वज्ञ लिऊ शिनयुआन यांच्या हाताखाली ते वर्षानुवर्षं जुळवले गेले. एका भांड्याचे सगळे तुकडे एकाच जागी पुरलेले, म्हणून भांडी जवळजवळ पूर्ण उभी राहिली. आज त्यातली कित्येक संग्रहालयात आहेत, चिरा दिसतील अशी जोडलेली.

मी पाच आठवडे तिथे काम केलं तेव्हा या जोडलेल्या भांड्यांसमोर सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले. एका ताटलीवरच्या ड्रॅगनमध्ये काय चुकलं म्हणून ती फोडली असेल, हे शोधत होते. अर्धा तास बघूनही सापडलं नाही. म्हणजे चीनमध्ये उत्तम भांडं घडवणं आणि ते फोडणं एकाच आवारात, एकाच हुकुमाने चालायचं. हे एकदा कळलं की १९९५ चे फोटो तितके उपरे वाटत नाहीत.

उलट बाजूही सांगते. याच भट्ट्यांतला, चेंगहुआ सम्राटाच्या काळातला (१४६५ ते १४८७) कोंबडा-कोंबडी आणि पिल्लांचं चित्र असलेला तळहातावर मावणारा पेला २०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात २८ कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेला. घेणाऱ्याने त्यात चहा ओतून प्यायला आणि त्यावरून गदारोळ झाला. मला तो माणूस मनापासून आवडला. पेलाच तो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कारागिरांकडून करून घेण्याचा. इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपण सगळेच या बाबतीत एका चष्म्यातून बघतो आणि तो चष्मा चीनचा नाही.

भारतातली स्टुडिओ पॉटरी कुठून आली ते आठवा. दिल्लीचे गुरचरण सिंग शंभर वर्षांपूर्वी जपानला जाऊन शिकून आले. पुदुच्चेरीला १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. डेबोरा स्मिथ जपानमध्ये शिकलेल्या. आज आपल्याकडे स्टुडिओत जो कोणी चाक फिरवतो, त्याचा गुरू किंवा गुरूचा गुरू बहुधा या दोन्हींपैकी एका वाटेवर भेटतो. आणि जपानी-ब्रिटिश विचार, म्हणजे इंग्लंडचे बर्नार्ड लीच आणि जपानचे हामादा या कुंभारांच्या पिढीचा, असा की एकाच माणसाने माती मळावी, चाकावर उचलावी, ग्लेझ लावावं, भट्टी पेटवावी. भांड्यात त्या माणसाचा हात दिसावा. हा विचार सुंदर आहे. मी त्यावरच जगले. पण तो जिंगदेझेनवर लादला की सगळं वाकडं दिसतं.

जिंगदेझेनची परंपराच मुळी हात वाटून घेण्याची आहे. मिंग काळाच्या शेवटी, १६३७ मध्ये, सोंग यिंगशिंगने उद्योगांची जी माहिती लिहून ठेवली, त्यात एका पेल्यासाठी ७२ हात लागतात असा हिशेब आहे. १७१२ मध्ये तिथे राहिलेल्या एका फ्रेंच जेझुइट पाद्र्याने घरी लिहिलेल्या पत्रातही एक भांडं सत्तरेक कामगारांच्या हातांतून जातं असं म्हटलं होतं. आजही चाकावरचा चाकावरच असतो. तो भांडं जाडच उचलतो, आपण विद्यार्थ्याला ओरडू इतकं जाड. मग ते पूर्ण सुकतं. आपण ट्रिमिंग करतो, म्हणजे जादा माती खरवडतो, ते भांडं चामड्यासारखं ओलसर असताना. तिथे हाडासारखं कोरडं झाल्यावर दुसरा माणूस ते परत चाकावर चढवतो आणि लोखंडी पात्याने खरडत खरडत अंड्याच्या कवचाइतकं पातळ करतो. मध्येच बोटाने टिचकी मारून आवाजावरून जाडी ओळखतो. त्याच्या मांडीवर, भुवयांवर, पापण्यांवर पिठासारखी धूळ. त्याच्या शेजारी मी दोन दिवस बसले, तिसऱ्या दिवशी मास्क विकत आणला.

पुढे ते कच्चं भांडं, बिस्किट फायरिंग (ग्लेझआधीची पहिली भाजणी) न करता, रंगवणाऱ्याकडे जातं. कोबाल्ट, म्हणजे निळ्या नक्षीचा रंग, तेव्हा निळा नसतो, काळपट करडा असतो. रेघा ओढणारा वेगळा आणि आत रंगाचं पाणी भरणारा वेगळा. पाणी भरायला कोंबडीच्या डोक्यासारखा फुगीर, टोकदार कुंचला असतो. तो भरपूर रंग पितो आणि टोकातून थेंब सोडतो. कोरड्या मातीवर थेंब पडताक्षणी शोषला जातो, म्हणून कुंचला मातीला टेकवायचाच नाही. थेंबाला पुढे ढकलत न्यायचं आणि रेघेपाशी उरलेलं पाणी परत ओढून घ्यायचं. मी प्रयत्न केला. पहिल्या पाकळीतच डबकं झालं. शेजारची बाई हसली, माझ्या हातातून भांडं घेतलं आणि ते डबकं एका झटक्यात कुंचल्याने पिऊन टाकलं. मग फवाऱ्याने ग्लेझ आणि एकच भाजणी, १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास.

आता सांगा, या गावात एखादा कलाकार कागदावर कल्पना घेऊन आला आणि त्याने सहा जणांकडून काम करून घेतलं, तर परंपरा कोणी मोडली? त्याने, की एकटीने सगळं करू बघणाऱ्या मी?

म्हणून आय वेईवेईचं जे काम मला खरोखर सिरॅमिकचं वाटतं ते सूर्यफुलाच्या बियांचं. ऑक्टोबर २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या टर्बाइन हॉलमध्ये १० कोटी बिया पसरल्या होत्या, एकूण १५० टन. म्हणजे एक बी साधारण दीड ग्रॅमची. प्रत्येक पोर्सलिनची, जिंगदेझेनमध्ये सुमारे १६०० माणसांनी अडीचेक वर्षं खपून केलेली. भागाकार केला तर माणशी साडेबासष्ट हजार बिया येतात. साच्यातून काढायची, भाजायची, मग बारीक कुंचल्याने दोन्ही अंगांना तीन-चार काळ्या रेघा मारायच्या, परत भाजायची. बायका पिशव्या भरून घरी न्यायच्या आणि घरकाम सांभाळून रंगवायच्या. आपल्याकडे विड्या वळणं किंवा पापड लाटणं जसं घरोघर जातं तसं. माओच्या काळातल्या पोस्टरांवर माओ म्हणजे सूर्य आणि जनता म्हणजे त्याच्याकडे तोंड करून उभी सूर्यफुलं, हा अर्थ चिनी माणसाला सांगावा लागत नाही. पण मला त्याहून भिडतो तो आकडा. ज्या शहराने शतकानुशतकं जगाला ताटल्या पुरवल्या, त्याची सगळी ताकद, सगळी हातांची साखळी, एका निरुपयोगी गोष्टीवर लावून दाखवली आहे. न खाता येणारी बी, आणि तीही १० कोटी.

लोकांनी त्यावर चालावं, मूठभर उचलावं अशी योजना होती. दोन-तीन दिवसांतच चालणं बंद करावं लागलं, कारण पायांखाली पोर्सलिन घासून धूळ उडायला लागली. तुमच्या क्लासमध्ये कोणी कोरड्या झाडूने फरशी झाडत असेल तर हा किस्सा सांगा. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, कोरडं झाडायचं नाही. त्या मोठ्या हॉलमध्ये लंडनकरांना जी धूळ दोन दिवस दिसली, ती खरडणाऱ्याच्या पापण्यांवर मी पाहिलेलीच धूळ. कलाकाराच्या मनात हा अर्थ होता की नाही, त्याने मला फरक पडत नाही.

आय वेईवेईवर एवढं पुरे. त्याचं नाव मोठं झाल्यामुळे बाकीचे झाकले जातात, आणि माझ्या मते मातीच्या दृष्टीने त्याच्याहून खोल काम दोघा-तिघांनी केलंय.

पहिला आ शिआन. १९६० मध्ये बीजिंगला जन्मलेला चित्रकार, तिआनआनमेन चौकातल्या हत्याकांडानंतर ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथेच राहिला. १९९८ पासून त्याने 'चायना चायना' नावाची अर्धपुतळ्यांची मालिका केली. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातून अनुदान मिळवून तो जिंगदेझेनला आला आणि तिथल्या कारागिरांकडून पुतळे रंगवून घेतले. जिवंत माणसाच्या छातीपासून डोक्यापर्यंत प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यातून पोर्सलिनचा पुतळा काढायचा, आणि चेहऱ्यासकट सगळ्या अंगावर फुलदाणीवर असते तशी नक्षी काढायची: निळे डोंगर, ड्रॅगन, कमळं. डोंगराची कडा नाकावरून खाली उतरते, ओठांवर फूल येतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. समीक्षक त्या मिटल्या डोळ्यांवर पानंच्या पानं लिहितात, ध्यान, मृत्यू, मौन. साचा घेतलेल्या कोणालाही विचारा: ओलं प्लास्टर तोंडावर ओततात तेव्हा डोळे मिटावेच लागतात! दोन्ही खरं आहे, आणि मला त्याच्या कामात हेच आवडतं. तंत्राची अट आणि अर्थ एकाच ठिकाणी येऊन बसलेत, वेगळे काढता येत नाहीत. देश सोडून गेलेल्या माणसाच्या कातडीवर देश गोंदलेला आहे. ते आभूषण आहे की ओरखडा, हे त्या पुतळ्यासमोर उभं राहून ठरत नाही.

दुसरा लिऊ जिआनहुआ. त्याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे आहे. जन्म १९६२ चा, जिआंग्शीचाच. लहानपणी जिंगदेझेनला काकांकडे आला, काका नावाजलेले सिरॅमिक शिल्पकार. किशोरवयातच कारखान्यात कामाला लागला, पुढे तिथल्या सिरॅमिक इन्स्टिट्यूटमधून शिल्पकलेची पदवी घेऊन १९८९ मध्ये बाहेर पडला. म्हणजे याला मातीत हात घालता येत नाही असं कोणी म्हणणार नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याने बूट, बाटल्या, खेळणी, हातोडे असल्या रोजच्या वस्तू पांढऱ्याशुभ्र पोर्सलिनमध्ये ओतल्या. त्या कामाने २००३ मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाच्या पहिल्या चिनी दालनात जायचं होतं, पण सार्सच्या साथीमुळे ते दालन चीनमध्येच मांडावं लागलं. चांगलं काम, पण युक्ती लगेच कळते: टिकाऊ वस्तू नाजूक करून दाखवली.

२००८ च्या सुमाराला त्याने गोष्ट सांगणं, समाजावर भाष्य करणं, सगळं बाजूला ठेवलं. आणि कोरा कागद केला. पोर्सलिनचा. भिंतीवर टांगलेला, मोठ्या तावाएवढा, पांढरा, काही न लिहिलेला, कडा किंचित वळलेल्या. बस. लांबून बघणाऱ्याला वाटतं प्रदर्शन लावणारे अजून चित्र लावायचे विसरलेत.

हे दिसायला सोपं आणि करायला छळ का आहे, ते सांगते. फुलदाणी गोल असते, गोलाई तिला उभं धरते. सपाट ताव कशालाच धरून नसतो. मातीला आठवण असते: लाटलेला ताव एका कोपऱ्याने उचललात तर परत सपाट केला तरी भट्टीत तोच कोपरा उचलला जातो. सुकताना कडा आधी सुकतात, मध्य ओला राहतो, ओढाताण होऊन कडेपासून आत चीर जाते. भट्टीत पोर्सलिन साधारण सहाव्या हिश्श्याने आकसतं, म्हणजे मीटरभर ताव सोळा-सतरा सेंटिमीटर सरकतो, आणि खालच्या शेल्फला कुठे जरा जरी अडकला तर फाटतो. वर पुन्हा १३०० अंशांजवळ पोर्सलिन मऊ पडतं, शेल्फला बाक असेल तर तोही उचलतं. वळवलेली कड आधार नसेल तर लोळते. आधार दिला तर त्याचा डाग पडतो. एवढं सगळं पार करून जे हाती येतं ते काय, तर ज्यावर काही नाही असा कागद. ज्या संस्कृतीत कागद आणि पोर्सलिन दोन्ही जन्मले, तिथे हे काम कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्याचं 'ट्रेस' नावाचं २०११ चं काम त्याच जातीचं: भिंतीवरून ओघळणारे काळ्या ग्लेझचे थेंब. चिनी सुलेखनात 'घर गळल्याचा ओघळ' अशी जुनी संज्ञा आहे. भिंतीवरून पाणी उतरतं तशी अडखळत, जोर धरून कुंचल्याची रेघ यावी असा तिचा अर्थ. त्याने ती उपमा उचलून परत भिंतीवर नेऊन ठेवली. यात निळी-पांढरी नक्षी नाही, ड्रॅगन नाही, जुनं भांडं नाही. तरी मी याला परंपरेचं सगळ्यात घट्ट वाचन म्हणेन.

तिसरी गेंग शुए, १९८३ ची, म्हणजे पुढच्या पिढीची. तिने पोर्सलिनच्या बाहुल्या करून एक एक चित्र घेत चित्रपट केला. गोष्ट पू सोंगलिंगच्या जुन्या अद्भुतकथांमधली: समुद्रातल्या बेटावर गेलेला एक तरुण, तिथे भेटलेली बाई, आणि मग येणारा प्रचंड साप. ज्या वस्तूला वाकताच येत नाही तिला चालायला, मान वळवायला लावायचं, ही कल्पनाच वेड्यासारखी. सांधे दिसतात, घासल्याचा आवाज येतो, ग्लेझवर प्रकाश पडला की कातडी ओली वाटते. फुलदाणीवर पाचशे वर्षं गोठून उभे असलेले लोक एकदम हलायला लागले तर काय होईल, ते बघायचं असेल तर हा चित्रपट शोधा.

बाकी बरेच आहेत, सगळ्यांवर लिहीत नाही. ली शिआओफेंग जुन्या खापऱ्यांना भोकं पाडून, तारेने शिवून कोट आणि झगे करतो. लांबून देखणे, जवळून चिलखतासारखे. जर्मनीत राहणारा लेई शुए चुरगाळलेले बिअरचे कॅन पोर्सलिनमध्ये करतो आणि त्यावर हाताने निळी फुलं रंगवतो. पहिल्यांदा बघताना हसू येतं, दुसऱ्यांदा तो चुरगळा किती नेमका आलाय ते दिसतं. पण स्पष्टच सांगते, गेल्या वीस वर्षांत 'आजची कचऱ्याची वस्तू घ्या, पोर्सलिनमध्ये ओता, वर मिंग नक्षी काढा' हा एक साचाच झालाय. प्लास्टिकची बाटली, मोबाइल, बंदूक, सगळं होऊन गेलं. पहिल्या दोघा-चौघांनी केलं तेव्हा त्यात जीव होता. आता जिंगदेझेनच्या दुकानांत ते भेटवस्तू म्हणून मिळतं.

शहराबद्दल आणखी दोन ओळी, कारण हे सगळं हवेत घडत नाही. तिथले मोठे सरकारी पोर्सलिन कारखाने नव्वदच्या दशकात बंद पडले. हजारो कुशल हात एकदम रिकामे झाले. कोणी घरात भट्टी घातली, कोणी जुन्या भांड्यांच्या नकला करू लागले, आणि त्याच सुमाराला कलाकार नव्या कल्पना घेऊन यायला लागले. या दोन गोष्टी एकत्र आल्या नसत्या तर १० कोटी बिया झाल्या नसत्या. आता बाहेरून येऊन तिथे राहणाऱ्या तरुणांना 'जिंगपिआओ', म्हणजे जिंगदेझेनला वाहत आलेले, असं म्हणतात. एका जुन्या कारखान्याचं ताओशीचुआन नावाचं कलाकेंद्र २०१६ मध्ये उघडलं. सोमवारी पहाटे, अंधारात, टॉर्च घेऊन लोक जुन्या खापऱ्यांचा बाजार भरवतात. मी तिथून मूठभर मिंग म्हणून विकल्या जाणाऱ्या खापऱ्या आणल्या. त्यातल्या निम्म्या तरी गेल्या वर्षीच्या असतील.

आता तिसरा प्रश्न, आपण काय घ्यायचं. निळी नक्षी घेऊ नका, ती आपली होत नाही. भांडी फोडूही नका, ते आय वेईवेईचं करून झालंय. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेली चिनी भांडी आहेत; तिथे जाऊन नक्षी न बघता तळ बघा, जिथे ग्लेझ संपतं आणि नागडी माती दिसते. तिथे कारागीर सापडतो. आणि एखाद्या कुंभारवाड्यात किंवा बरण्यांच्या कारखान्यात आठवडाभर बसा, काम न करता, फक्त कोण काय करतं आणि कोण काय करत नाही ते टिपत. आपल्याकडेही हात वाटलेले असतात, आपण स्टुडिओवाले ते मोजत नाही.

आणि कोरा ताव करून बघायचाच असेल तर माझी कृती देते, हवी तर बदला. लाटणं एकाच दिशेने फिरवू नका, दर चार फेऱ्यांनी ताव दोन फळ्यांमध्ये धरून उलटा करा, हाताने उचलू नका. दोन जिप्सम बोर्डांमध्ये ठेवून किमान आठवडाभर सुकवा, रोज उलटा. शेल्फवर अ‍ॅल्युमिनाची (भट्टीत न वितळणारी पांढरी पूड) पातळ पूड पसरा म्हणजे आकसताना सरकेल. भट्टी चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा घाई नको. थंड होताना फुटलेल्या तावाची चीर कडेला धारदार असते, चढताना फुटलेल्याची ग्लेझ वितळून बोथट होते, एवढ्यावरून चूक कुठे झाली ते कळेल. मी गेल्या पावसाळ्याआधी फुलस्केपच्या मापाचे नऊ केले. सहा सुकतानाच गेले, दोन भट्टीत. राहिलेला एक टेबलावर होता, तर कुरियरवाल्याने त्यावर सही घ्यायला पेन टेकवलं.